एका घंटीचा निरोप

खडकदऱ्याच्या पंचायतीतला फोन दोनदा वाजला आणि गप्प झाला. वनमालाने तो उचलला नाही. उचलायला हातही पुढे केला नाही. चष्मा सरकवून तिने नंबर तेवढा पाहिला, दारात गेली आणि समोरच्या लिंबाखाली जीपच्या सीटवर आडव्या झालेल्या हनुमानला हाक मारली.

"हनुमान, ऊठ. सटवाबाबाचं जनावर पडलंय. जनावराच्या डॉक्टरला घे अन् डोंगरापल्याड जा."

"काय झालंय म्हणले बाबा?"

"म्हणायला बोलावं लागतं की रं. दोन घंट्या दिल्यात."

हनुमानने पायात चपला सरकवल्या आणि जीप चालू केली. त्याला पुढचं विचारायची गरज नव्हती.

खडकदरा हे केज तालुक्यातलं, नांदूरघाटाच्या अंगाला डोंगरात शिरलेलं गाव. गावात शेतकरी, आणि वरच्या वस्तीवर मेंढरं राखणारे धनगर. सरकारची दवाखान्याची मोठी गाडी बोलावली की येते, ती येत नाही असं कोणी म्हणू नये. पण ती बोलावताना तिकडचा माणूस विचारतो, जवळची खूण सांगा. मेंढरामागं खोऱ्यात उतरलेल्या माणसाने खूण काय सांगावी? बाभळीखाली आहे म्हणावं, तर बाभळी हजार. म्हणून योजना आली, की आडवळणाच्या गावांनी आपला एक मदतीचा फोन ठेवावा, त्यावर गावचीच बाई बसवावी आणि एक जीप तयार ठेवावी. खर्च गावाने आधी करायचा, वर्षअखेरीला कागद पाठवायचे, मग सरकार तो भरून देणार. कागदावर याला प्रतिपूर्ती म्हणतात. गावातली माणसं त्याला 'मागनं येणारं' म्हणत.

फोन फुकट होता. करणाऱ्याचा एक पैसा कापला जात नव्हता. पण वस्तीवरच्या कोणाचाही त्यावर विश्वास नव्हता. सरकारचं फुकट म्हणजे आज गोड आणि उद्या कडू, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. शिवाय डोंगरात चार-चार दिवस राहायचं तर मोबाइल चार्ज कुठे करणार? बोलण्यात बॅटरी कोण घालवणार? म्हणून त्यांनी आपसांत जे चालत होतं तेच या फोनलाही लावलं. दोन घंट्या वाजवून बंद केलं म्हणजे जनावराचं काही आहे. तीन म्हणजे माणसाचं. आणि दिवेलागणीला एक घंटी म्हणजे आम्ही बरे आहोत, मेंढरं बसली, काळजी नाही.

ही शेवटची घंटी कोणी सुरू केली ते सांगता येत नाही. पण रोज संध्याकाळी वनमाला पाटावर बसल्यासारखी फोनपाशी बसायची आणि डोंगरात असलेल्या माणसांच्या घंट्या मोजायची. सात माणसं बाहेर असली तर सात. सहाच आल्या तर सातव्याच्या घरी निरोप जायचा आणि हनुमान जीप काढायचा. असं वर्षात दोनदा झालं होतं. एकदा एक म्हातारा तापाने फणफणून पडलेला सापडला. एकदा एक गडी नुसताच झोपून गेला होता, त्याने वनमालाच्या शिव्या खाल्ल्या.

वनमाला नवऱ्यामागे एकटी राहणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. लिहायला ती चाळिशीनंतर शिकली. गावात आजवर तिला कोणी कशासाठी विचारलं नव्हतं. आता दिवस मावळला की तिच्याशिवाय वस्तीवरच्या बायकांना भाकरी गोड लागत नसे. हा फोन गेला असता तर तिचं काय गेलं असतं, ते मानधनापुरतं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याहून साहेब तपासणीला आले. नाव विजयसिंह, वय तिशीच्या आत, बोलायला मऊ. फोनला जोडलेल्या यंत्रातून त्यांनी वर्षाची यादी काढली. यादी बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, वर्षात दोन हजारांच्या वर फोन आलेत. तुम्ही उचललेत चौदा."

"हो."

"हो काय? बाकीच्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"हितंच की. ह्याच खुर्चीवर."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. एक घंटी, दोन घंट्या, तीन घंट्या. साहेबांनी ऐकून घेतलं, मध्येच हसलेही. पण शेवटी कागद घडी करून म्हणाले, "तुमचं खरं असेल. पण यंत्राला उचललेला फोन कळतो. तोही निदान अर्धा मिनिट चाललेला. असे शंभर फोन वर्षात झाले, तरच या केंद्राची गरज आहे असं धरतात आणि पैसे मिळतात. नाहीतर केंद्र बंद करून यंत्र दुसऱ्या गावाला देतात."

"अन् आमी माणसं आणली त्याचं काय?"

"ते यादीत नाही ना, ताई."

शेजारी बसलेले सरपंच विठ्ठलराव इतका वेळ मिशीवरून हात फिरवत होते. डिझेलपासून मानधनापर्यंत पंचायतीने सगळं पदरचं घातलं होतं, आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती. त्यांनी विचारलं, "साहेब, मार्च संपायला अजून तीन आठवडं हायती न्हवं?"

"आहेत."

"मंग झालं. चहा घ्या."

साहेबांची गाडी वेशीबाहेर पडली तसे विठ्ठलराव वनमालाकडे वळले. "उद्यापसून गावातल्या हरेक घरातनं फोन येतील. तू उचलायचा. एक मिनिट बोलू द्यायचं. वहीत कारण लिहायचं. मंग ठिवायचा."

"कारण काय लिव्हू?"

"लिही कायबी. पोटदुखी लिही."

"सगळ्या गावाची पोटं दुखत्यात म्हणू?"

"मंग फोन घालवायचाय का तुला? उंटावरनं शेळ्या हाकणारी माणसं हायती ती. त्यांना शंभर शेळ्या पायजेत, आपून शंभर मोजून देऊ. त्येनला काय कळतंय, शेळी हाय का बोकड."

वनमालाला फोन घालवायचा नव्हता, हे तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. मिनिटभर बोला म्हटल्यावर माणसं आधी अडखळत. एकाने आपलं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव सांगितलं आणि विचारलं, "झालं का मिनिट?" एका बाईने जावेची तक्रार सांगायला घेतली आणि जाऊ शेजारीच उभी असल्याने तिथेच दोघींचं जुंपलं. विठ्ठलरावांचा पुतण्या युवराज फोनवर म्हणाला, "मावशी, काय बोलू बे… आपलं, काय बोलू?" वनमाला म्हणाली, "बे म्हणलास त्येच लिहिते." तरी वहीत तिने लिहिलं पोटदुखीच. तो शब्द तिच्या हाताला बसला होता. दिवसाला चार-पाच फोन होऊ लागले. चाळीस झाले, साठ झाले, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऐंशीच्या पुढे गेले.

दिवेलागणीच्या वेळेला मात्र कोणी फोन करायचा नाही, असं वनमालाने सगळ्यांना बजावलं होतं. ती वेळ घंट्यांची.

अठ्ठावीस तारखेला आकडा सत्त्याण्णववर होता. त्या संध्याकाळी डोंगरात एकटा सटवाच होता. बाकीचे धनगर खाली उसाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायला गेले होते. सटवा सत्तरीचा, काटक म्हातारा. त्याचा मुलगा माजलगावच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवत होता, म्हणून म्हाताराच मेंढरं घेऊन डोंगरापल्याड बाभळीच्या शेंगा चारायला गेला होता. तिथे मोबाइलला रेंज नसे. एक उंच खडक होता, त्यावर चढलं की यायची. त्याला सगळे बोलता खडक म्हणत. सटवा रोज दिवस मावळताना त्यावर चढायचा, एक घंटी द्यायचा आणि उतरायचा.

दिवस मावळायला थोडा वेळ होता तेव्हा फोन वाजला. वनमालाने नंबर पाहिला. सत्यभामाआजी, मारुतीच्या देवळामागे एकटी राहणारी म्हातारी. विठ्ठलरावांनी तिला मोबाइल लावून हातात दिला होता. वनमालाला वाटलं, एक मिनिट तर आहे.

"कोण, वनमाला का गं?"

"व्हय आजी. बोला."

"काय बोलू माय? पोट दुखतंय म्हण म्हणत्यात. माझं पोट काय दुखत न्हाई. गुडघं दुखत्यात. त्ये चालंल का?"

"चालंल."

मग आजी गुडघ्यांपासून सुरू झाली. गुडघ्यांवरून ती मेलेल्या नवऱ्याकडे गेली, नवऱ्यावरून पुण्यातल्या लेकाकडे, लेकावरून त्याने कधी न आणलेल्या नातवाकडे. तिचं कोणी ऐकून घेतलं त्याला वर्षं झाली होती. वनमालाने दोनदा "आजी, ठिवू का?" म्हटलं. आजी म्हणाली, "ठिव की, पर एवढं ऐक." वनमालाला तोडवेना. खिडकीतून ऊन सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवरून निघून गेलं. तिने फोन ठेवला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

ती वाट पाहत बसली. घंटी आली नाही.

तिने सटवाचा नंबर लावला. तिकडून बाई बोलली, की हा ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. ते तर असणारच. खडकावरून उतरला की तो रोजच बाहेर असायचा. म्हणजे त्याने घंटी दिली आणि लाइन गुंतलेली असल्याने ती पोचली नाही, असंही असेल. किंवा त्याने दिलीच नाही, असंही असेल. वर्षभरात पहिल्यांदाच तिला कळेना की आज काय झालं. इतके दिवस न वाजलेली घंटी तिला साफ ऐकू यायची.

तेवढ्यात विठ्ठलराव आले. "अठ्ठ्याण्णव झालं न्हवं? आता दोनच. घरची माणसं बसलीत फोन घिऊन. घे उरकून."

"सटवाबाबाची घंटी न्हाई आली."

"लाइन लागली नसंल. आजीनं धरली व्हती न्हवं?"

"तेच कळंना मला. मी जाते बघायला."

"अगं, म्हातारा मेंढरात निवांत निजला आसंल. अन् तू उठलीस, फोन आला, उचलला न्हाई, तर यंत्र लिहून ठिवंल. मंग त्येनला काय सांगायचं? बस गुमान."

"ठिवू द्या लिहून," वनमाला म्हणाली आणि पदर खोचून बाहेर पडली. हनुमान जीपमध्येच होता.

वाटेत वस्तीवरून त्यांनी सटवाच्या सुनेला, शिवकन्येला बरोबर घेतलं. तिने दोन भाकरी फडक्यात बांधल्या, काठी घेतली आणि मागे बसली. ओढ्यापर्यंत जीप गेली, पुढे पायी. कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं तशी शिवकन्या पळत सुटली.

सटवा खडकाच्या पायथ्याशी पडला होता. मेंढरं त्याच्याभोवती घोळका करून बसली होती. उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. पण म्हातारा शुद्धीवर होता. बॅटरीचा उजेड तोंडावर पडताच त्याने हात आडवा धरला.

"कोण हाय बे?"

"मी वनमाला, बाबा. काय झालं? तीन घंट्या कावून न्हाई दिल्या?"

"मोबाइल वरच ऱ्हायला. खडकाच्या फटीत गेला, तिथं रेंज न्हाई." सटवाने ओठ चाटले. शिवकन्येने त्याच्या तोंडाला पाणी लावलं. "अगं, चार डाव चढलो मी आज. एक डाव लावला, लाइन लागंना. उतरून मेंढरं बघितली, पुन्हा चढलो. पुन्हा तेच. चवथ्या डावाला अंधारलं, अन् पाय घसरला."

"एवढं कशाला चढायचं? बरं होतं न्हवं तुमाला?"

"मला कुटं काय झालतं? मी ठणठणीत होतो. म्हणलं, घंटी न्हाई गेली तर ती फोनवरची बाई जेवायची न्हाई."

हनुमानने घोंगडी पसरली. तिघांनी मिळून म्हाताऱ्याला तिच्यावर घेतलं. मेंढरं टाकून जाता येत नाही, म्हणून शिवकन्या तिथेच थांबली. वनमाला आणि हनुमान घोंगडीची टोकं धरून, दर वीस पावलांवर टेकत, ओढ्यापर्यंत आले. नांदूरघाटला पाय बांधला, केजला प्लास्टर झालं. म्हातारा वाटेत कण्हला तेवढाच. पोचल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली, ती खडकावरच्या मोबाइलची.

वनमाला परतली तोपर्यंत विठ्ठलरावांनी स्वतः खुर्चीवर बसून शंभर पुरे केले होते. वर एक जास्तीचाही घेतला होता.

एकतीस तारखेला विजयसिंह साहेब आले. यादी पाहून खूश झाले. मग त्यांनी वही उघडली आणि पानं उलटता उलटता थांबले.

"सरपंच, तीन आठवड्यांत एकोणऐंशी माणसांना पोटदुखी?"

"पाणी वंगाळ झालतं साहेब," विठ्ठलराव पापणी न हलवता म्हणाले.

"मग हे गंभीर आहे. मला वर कळवावं लागेल. उद्याच पाणी तपासायला आणि घरोघर बघायला माणसं येतील. विहीर बंद ठेवावी लागेल."

विठ्ठलरावांचा हात मिशीवरच थांबला. ताकाला जाऊन भांडं लपवलं, आणि तेच भांडं आता वाजायला लागलं होतं. त्यांनी वनमालाकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी होती आणि विनवणीही होती.

वनमालाने वही ओढून घेतली. "साहेब, विहिरीला काय झालं न्हाई. हे मी लिव्हलंय. खोटं हाय. सगळ्या गावानं फोन वाचवायला फोन केले. खरा एकच होता, त्यो ह्यात न्हाई. त्यो लागलाच न्हाई. लाइन आमीच धरून ठिवली व्हती, अन् त्यापायी म्हाताऱ्याचा पाय मोडला."

"वनमाला!" विठ्ठलराव ओरडले.

"ओरडू नका सरपंच. मी बी होते त्यात."

बाहेर हनुमान जीपची काच पुसत होता, ते ऐकू येत होतं. साहेबांनी यादी पुन्हा हातात घेतली. पण या वेळी उचललेले फोन पाहिले नाहीत, न उचललेले पाहिले. त्यांच्या वेळा पाहिल्या. पानामागून पान, रोज दिवेलागणीला, एकेक घंटी.

"हे रोजचे हेच का? बरं आहे म्हणून सांगणारे?"

"हो."

साहेबांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ चाळलं. मग म्हणाले, "या वर्षीचे पैसे मिळणार नाहीत. ते मी पास करू शकत नाही आणि करणार नाही. तुमच्यावर लेखी ताशेरा येईल, सरपंच. पण यात एक कलम आहे. एकट्या राहणाऱ्या आणि दुर्गम जागी असलेल्या माणसांची विचारपूस. तो फोनही मदतीचाच धरतात. अट तीच आहे. उचललेला पाहिजे, अर्धा मिनिट चाललेला पाहिजे. सहा महिने बघू, असं मी लिहितो. त्यानंतर वरचे ठरवतील."

विठ्ठलरावांनी वनमालाशी बोलणं टाकलं, ते आजही टाकलेलंच आहे. डिझेलची बाकी पंचायतीच्या बोकांडी बसली. हनुमान एप्रिलभर स्वतःच्या भाड्याच्या फेऱ्या मारून जीप चालवत राहिला आणि रोज एकदा तरी म्हणायचा, "मावशी, खोटं बोलली असतीस तर माझं टायर नवं झालं असतं." ती म्हणायची, "तुझ्या टायरापायी विहीर बंद पडली असती, मंग काय डिझेल पिला असतास?"

फोन उचलणार आहे आणि अर्धा मिनिट बोलायचं आहे, हे वस्तीवर सांगणं अवघड होतं. वनमालाने सांगून पाहिलं, कोणाला पटेना. मग सटवाने प्लास्टरचा पाय बाजेवर ठेवून सगळ्यांना बोलावलं. त्याने आपल्या मोबाइलवरून सगळ्यांसमोर फोन लावला, मिनिटभर बोलला, आणि आधीची व नंतरची शिल्लक लोकांना दाखवली. आकडा तोच होता. धनगरांनी मोबाइल हातोहात फिरवून पाहिला. "आज न्हाई कापलं," एक जण म्हणाला. पण तयार झाले. बॅटरीसाठी हनुमान आठवड्यातून एकदा चार्ज केलेले मोबाइल पोचवील, असं ठरलं.

डोंगरात आता सटवाच्या जागी शिवकन्या जात होती. पहिल्या संध्याकाळी फोन वाजला. वनमालाने घाईने उचलला.

तिकडे शिवकन्या दचकली. "आवं, उचलला कावून? एकच घंटी देत होते मी!"

"उचलायचाय आता. बाबांनी न्हाई का सांगितलं? बोल."

"हां, सांगितलंय खरं. काय बोलू?"

"काय बी. बरी हायेस का?"

"बरी हाय."

मग दोघी गप्प झाल्या. यंत्रावर सेकंदांचे आकडे पुढे सरकत होते. वनमालाला मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, वारा येत होता, कुत्रं एकदा भुंकून थांबलं.

"किती झालं?" शिवकन्येने विचारलं.

"अठरा."

"अजून बारा? मेंढरं मोजून दावू का?"

"नगं. दिवस मावळताना मोजू नगंस, दीठ लागंल. नुसता धर तसाच."

शिवकन्येने मोबाइल कानापासून दूर केला आणि मेंढरांकडे धरला.